डिझेल इंजिनाच्या तेलमार्गातील हवा काढणे

गव्हाची पेरणी होऊन १८ ते २१ दिवस झाले म्हणजे मुकुटमुळे फुटू लागतात. या वेळचे पाणी चुकल्यास फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढे भरून निघत नाही. अशा ऐन वेळी विहिरीवरील डिझेल इंजिन दुरुस्त होऊन येते, परंतु चालू मात्र होत नाही. हँडल मारून माणसे थकतात. इंजिन पुन्हा बिघडले असे समजून ते उघडले जाते, किंवा कारागिराची वाट पाहण्यात दोन दिवस जातात. पुष्कळ वेळा इंजिनात काहीच दोष नसतो. तेलमार्गात हवा राहिलेली असते. ती काढण्याचे काम योग्य मापाचे पाने आणि एक भांडे जवळ असल्यास शेतकऱ्यास स्वतः करता येते.

हवेमुळे इंजिन का अडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला जातो व तो पेट घेतो. हा फवारा सोडणारी नोझल दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे १५० ते २५० किलोग्रॅम दाब आल्यावरच उघडते. डिझेल दाबले असता जवळजवळ आकसत नाही. हवा मात्र आकसते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबल्यास तो आत जातो व सोडताच परत येतो. पंपात पाणी भरले असता तो हलत नाही. तेलाच्या नळीत हवेचे बुडबुडे असले की इंजिनाच्या पंपाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो, नोझल उघडत नाही व फवारा पडत नाही. कारागीर यालाच ‘इंजिनने एअर धरली’ असे म्हणतात.

टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालविले, फिल्टर बदलला, अथवा पंप, नळी किंवा इंजेक्टर काढून पुन्हा बसविला, तर हवा आत शिरतेच. म्हणून अशा प्रत्येक कामानंतर हवा काढणे हा दुरुस्तीचाच शेवटचा भाग समजावा.

कामाचा क्रम

टाकीपासून इंजेक्टरकडे, म्हणजे तेल ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने काम करावे. क्रम उलटा केल्यास मागची हवा पुन्हा पुढे येते. विहिरीवरील लहान इंजिनात टाकी वर असते व डिझेल आपल्या वजनाने खाली येते. अशा इंजिनाची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. सर्व जोड व स्क्रू बाहेरून पुसून स्वच्छ करावेत. टाकीत गाळलेले डिझेल पुरेसे भरावे व कॉक उघडावा. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले नाही, हे पाहावे.

२. फिल्टरवरील हवेचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. प्रथम फेस व बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की, ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

३. पंपावरील हवेचा स्क्रू सैल करून हीच कृती करावी.

४. पंपापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीचा नट इंजेक्टरच्या बाजूस थोडा सैल करावा. तेल बंद करणारा दांडा चालू बाजूस ठेवून डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलावा व हँडल फिरवावे. नटाजवळ निव्वळ डिझेल येऊ लागले की नट आवळावा.

५. लिव्हर उचललेलाच ठेवून पुन्हा हँडल फिरवावे. नोझलमधून ‘कुर्र’ असा आवाज आल्यास फवारा पडू लागला असे समजावे. मग नेहमीप्रमाणे इंजिन चालू करावे. आवाज आल्यावर उगाच फेरे मारीत राहू नये. सिलिंडरमध्ये डिझेल साचते.

धार न आल्यास

जेथे धार थांबते, तेथेच दोष शोधावा. फिल्टरपर्यंत डिझेल येत नसेल तर कॉक, नळी किंवा झाकणाचे छिद्र तपासावे. फिल्टरपर्यंत येऊन पंपापर्यंत पोचत नसेल तर फिल्टर चोंदलेला असावा. पंप भरलेला असूनही चौथ्या कृतीत डिझेल येत नसेल तर पंप कारागिराकडेच द्यावा. तो शेतावर उघडू नये.

हवा काढूनही ती पुन्हा शिरत असेल तर एखादा जोड सैल आहे किंवा वॉशर खराब आहे. टाकी वर असताना अशा जागी बहुधा डिझेल पाझरताना दिसते. ज्या ट्रॅक्टरमध्ये टाकीतून डिझेल ओढून घ्यावे लागते, तेथे मात्र बाहेर थेंबही न दिसता हवा आत ओढली जाते. म्हणून तेथे प्रत्येक जोड तपासावा. जोडावर सुतळी गुंडाळू नये. तिचे तंतू नोझलमध्ये अडकतात. नवीन वॉशर घालावा.

घ्यावयाची काळजी

नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटक्याने हात मोडण्याची भीती असते. जवळपास विडी पेटवू नये. गळणारे डिझेल भांड्यात धरावे. ते विहिरीत गेल्यास पाणी बिघडते व पट्ट्यावर पडल्यास पट्टा घसरतो.

टाकी पूर्ण रिकामी होऊ न देणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीच्या पहिल्या पाण्यापूर्वी एखाद्या विहिरीवर शेतकऱ्यांना जमवून ही कृती त्यांच्याच हातून करवून घ्यावी. एकदा हाताने केलेले काम विसरत नाही, आणि पिकाचे पाणी कारागिरावाचून अडत नाही.