हवेचा आकडा, फळाचा आकडा

सोलापूर

चि. सुमेध यास,


डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये लागलास आणि कंटेनरच्या तापमानाचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. पडद्यावर सगळे आकडे ठीक दिसतात, असं तू लिहिलंस. तिथेच जरा थांब.

तो आकडा हवेचा आहे. रीफर, म्हणजे तुझा गार कंटेनर, आत सोडलेली आणि परत आलेली हवा मोजतो. डाळिंबाच्या पोटातलं त्याला कळत नाही. शिवाय तो गार माल गार ठेवायला बनवलेला असतो, तापलेला माल उतरवायला नव्हे. सांगोल्याहून भर दुपारी आलेलं फळ प्रीकूलिंगशिवाय, म्हणजे आधी गार न करता, भरलं, तर हवा 5 अंश दाखवेल आणि मधल्या पेट्या कितीतरी वेळ उबदारच राहतील. म्हणून भरण्याआधी मधल्या थरातलं एखादं फळ घे, प्रोब थर्मामीटरची सुई गाभ्यापर्यंत खुपस आणि आकडा स्थिरावेपर्यंत हात हलवू नकोस. फळ वाया गेलं म्हणून कुणी कुरकुरलं तरी हे सोडायचं नाही.

प्रोबचीही परीक्षा घे. स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भर, थोडं पाणी घाल, ढवळ आणि सुई मधोमध धर. 0 यायला हवा. फरक आला तर वहीत लिही.

जास्त थंड म्हणजे जास्त टिकाऊ, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. डाळिंबाला 5 अंशांखालची थंडी आठवडेच्या आठवडे सोसत नाही. साल तपकिरी पडते, दाण्यांचा रंग उतरतो, आणि पुष्कळदा ते कळतं फळ बाहेर काढल्यावर, गिऱ्हाइकासमोर. 6 डिसेंबर 2024 ला आपल्या सोलापूर भागातलं 5.7 टन डाळिंब बोटीने ऑस्ट्रेलियाला निघालं, तीन-तीन किलोच्या 1,900 पेट्या. सिडनीला पोचलं 13 जानेवारीला. एवढ्या प्रवासात चूक झाली तर शेतकऱ्याचा अख्खा बहार जातो रे. आत काय घडलं हे सांगणारा फक्त लॉगर, पेटीत ठेवायचा तापमान नोंदणारा यंत्रतुकडा.

तो हाताला सोपा म्हणून नुसता दाराशी ठेवू नकोस. एक दाराशी, एक मधे, आणि दोन्ही पेट्यांचे नंबर टिपून घे. कंटेनरच्या आतल्या भिंतीवरच्या तांबड्या रेघेच्या वर पेट्या रचू देऊ नकोस, परतीची हवा तिथूनच जाते.

पहिला आलेख आला की पेट्यांच्या नंबरांसकट पाठव. दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा