माया ठेवून कापा

शिवणात टिपेच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. लेकरू वाढलं की टीप उसवून ती मोकळी करायची. हा शब्द मी माहेरापासून ऐकत आले. पण तो नीट कळला, लेकीची नऊवारी शाळेच्या स्टेजवर फाटली त्या दिवशी.

आमचं कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर. इथे मराठवाडा संपतो, पुढे वऱ्हाड लागतं. भाड्याचा पोशाख हवा तर इकडे हिंगोली गाठा नाहीतर तिकडे वाशीम. गाडीभाडं, वर डिपॉझिट, आणि परत द्यायला आणखी एक खेप. त्यातून जानेवारी म्हणजे पोशाखांचाच महिना. ३ तारखेला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ, मध्ये कुठेतरी स्नेहसंमेलन, २६ ला झेंडावंदन. तो सरतो न सरतो तोच १९ फेब्रुवारीची शिवजयंती. घरात दोन लेकरं. मी म्हटलं, पायाची मशीन आहे, हात आहेत, कशाला पैसे घालवायचे?

सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, एक जांभळं इरकली लुगडं ट्रंकेत होतं. लेकीला जिजाऊ करायची म्हणून मी ते मागितलं. त्यांनी काढून दिलं आणि म्हणाल्या, "काप, पण बघून काप." मी बघून कापलं खरं, पण मोबाइलवरचा व्हिडिओ बघून.

चूक एक नव्हती, तीन होत्या. लेकीचं माप मी उभ्या उभ्या घेतलं, तीही शाळेच्या घाईत. लुगडं तसंच वापरायला काढलं, उजेडात धरून पाहिलं नाही. वर्षानुवर्षं घडीत राहिलेलं कापड घडीच्या रेघेवरच आधी विरतं, हे मला सुचलंच नाही. आणि तिसरी चूक लोभाची. उरलेल्या कापडात धाकट्याला एक झबलं निघेल या हिशोबाने मी अगदी मापावर कातर चालवली. टिपेला जेमतेम पाव इंच.

उभी होती तोवर लेक खरोखर जिजाऊ दिसत होती. मग ती बाकावर चादर टाकून केलेल्या सिंहासनावर बसली आणि काष्ट्याची शिवण चर्रकन गेली. पोरीने एक हात मागे धरून सगळं भाषण म्हटलं. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मात्र माझ्या पोटाशी तोंड लपवून रडली.

घरी आत्याबाईंनी ते उलटं करून आतली बाजू पाहिली. "माया नाही सोडली का गं?" एवढंच. लुगड्याबद्दल चकार शब्द नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री हिशोब मांडला. अस्तर, जरीची लेस, हूक, दोरा मिळून ३४० रुपये. भाड्याने तोच पोशाख २५० ला मिळाला असता. लुगडं मी धरलंच नाही, धरायचं तरी काय लावून?

म्हणून घरी शिवणाऱ्या बायांना माझं पहिलं सांगणं, मापाला घाई करू नका. धोतर, सलवार, शिवलेली नऊवारी, जे जे दोन पायांत जातं त्याचं माप लेकराला खुर्चीवर बसवून घ्या. कंबरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत टेप धरायचा, आणि त्यात दोन इंच सैल मिळवायचं. मग लेकराला मांडी घालायला लावा, वाकायला लावा, हात वर करायला लावा. नाचात लेकरू उभं राहत नसतं.

नंतर जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग करा. तेही पुरत नाही. फाटक्या चादरीचा एक तुकडा कापून कच्च्या टाक्याने जोडा आणि लेकराच्या अंगावर चढवून बघा. चादर बिघडली तर पुसायला फडकं होतं. टीप चुकली तर उसवता येते. कातर चुकली की ब्लेडही कामाचं नाही.

माया सगळीकडे सारखी सोडायची नसते, हेही मला उशिरा समजलं. वाढत्या लेकराच्या कपड्याला दोन्ही बाजूंना दीड दीड इंच, खालच्या घडीत तीन इंच, खांद्यावर पाऊण. पण गळ्याला आणि मुंढ्याला पाव इंचाहून जास्त ठेवली तर तिथे कापड गोळा होतं. गळ्याच्या गोलाईला आतून बारीक कात्र्या द्याव्या, मगच तो सपाट बसतो. बाजूची टीप थोडी लांब ठेवावी, पुढे उसवताना कापडाला भोकं पडत नाहीत.

नवं सुती कापड आणलं की आधी पाण्यात घाला. धाकट्याच्या सदऱ्याच्या बाह्या एका धुण्यात मनगटाच्या वर गेल्या, त्यावरून शहाणी झाले. रंग जाणारं कापड वेगळ्या बादलीत. जुन्या साडीला बारीक सुई, अकरा नंबरची, आणि सुतीच दोरा. चिवट पॉलिस्टरचा दोरा जीर्ण कापडाला आतून कापत जातो. विरलेल्या भागाला मलमलचं अस्तर लावा, नाहीतर तो भाग सरळ सोडून द्या. काठ आणि पदर तेवढे धड असले तरी पोशाख शोभतो. मधलं अंग साध्या सुती कापडाचं घेतलं तर स्टेजखालून कुणाला कळतंय?

पैसा वाचवायचा तर एकाच पोशाखाचे तीन करा. शिवलेली नऊवारी आणि पोलकं एकदाच नीट करून ठेवायचं. भरजरी शेला आणि डोक्यावरून पदर घेतला की जिजाऊ. साधी सुती साडी असेल तर कपाळावर कुंकवाची आडवी चिरी, हातात पुस्तक, आणि सावित्रीबाई तयार. मुलाचं पांढरं धोतर कृष्णालाही चालतं, वारकऱ्यालाही. दसऱ्याला आम्ही हिंगोलीला जातो. तिथल्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. रामलीला बघून आल्यावर धाकट्याला दरवर्षी हनुमान व्हायचं असतं. त्याला तेच धोतर केशरी रंगात बुडवून दिलं. शेपटीत जुनी पायपुसणी भरली आहेत, पण हे त्याला अजून माहीत नाही.

आता जे सांगते ते पैशाचं नाही. एका दिवाळीला लेकीला नेटचा घेरदार फ्रॉक शिवला. स्वस्तातलं नायलॉन, खाली तीन थर झालर. पोर अंगणात रांगोळीभोवती गिरकी घेत होती आणि झालरीचं टोक पणतीवर गेलं. ते कागदासारखं पेटलं नाही. आक्रसलं, वितळलं, काळा गोळा झाला. शेजारची वहिनी धावली, हाताने फ्रॉक ओढून फाडला. लेकीला काही झालं नाही, वहिनीच्या बोटाला मात्र तो गोळा चिकटला. अशा वेळी चिकटलेलं ओढून काढायचं नसतं. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि दवाखाना गाठायचा. आम्ही हळद लावायला निघालो होतो.

तेव्हापासून कापड घेतलं की कडेचे दोन-चार धागे काढून, घराबाहेर, चिमट्यात धरून काडी लावते. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. नायलॉन, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पेटायला सुतीही पेटतं, म्हणून घेरदार कपडा आणि पणती एका अंगणात नकोच. पण अंगाला चिकटणारं कापड लेकराला दिवाळीत घालायचं नाही, हे पक्कं.

सगळंच घरी शिवावं असंही माझं म्हणणं नाही. कोट, गणवेशाची पँट, मखमलीचा अंगरखा मी शिंप्याकडेच देते. मखमलीची लव एका दिशेला झुकते; एक तुकडा उलटा लागला की रंगच वेगळा दिसतो. शिलाई महाग वाटते खरी. पण मशीनवर वाकून पाठ धरली की शिंप्याचे पैसे कमीच वाटायला लागतात.

नामदेव महाराजांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. जन्म १२७० चा, शिंप्याच्या घरातला. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यातल्या एका पदात गज, कातर, सुई-दोरा असं सगळं शिंप्याचं सामान येतं. नरसीला हात जोडून उभी राहिले की माझ्या मनात नको ते येतं: महाराज, तुमच्या घरी कधी कुणाचं माप चुकलं होतं का हो?

फाटलेल्या लुगड्याचे धड तुकडे आत्याबाईंनीच वेचले आणि गोधडीत घातले. दुसऱ्या वर्षी मी माझ्या एका हिरव्या सुती साडीची नऊवारी शिवली, बसवून माप घेऊन. ती लेकीने तीन वर्षं वापरली. यंदा पाचवीत गेली, तर कंबरेला घट्ट. १० जानेवारीच्या रात्री बाजूची टीप उसवली. आत दडलेली पट्टी कोरी हिरवीगार, बाहेरचं अंग धुऊन धुऊन फिकं. नवी टीप घातल्यावर दोन्ही बाजूंना तो गडद पट्टा दिसायला लागला. लेकीने आरशात वळून वळून पाहिलं आणि विचारलं, "मम्मी, आत अजून किती आहे?"

टेप लावला. अर्धा इंच.