शंका-समाधान : ऑनलाइन विक्रीत हाती काय उरते?

परभणी जिल्ह्यातल्या बचत गटांची आणि गृहउद्योजकांची बरीच पत्रे आली आहेत. माल खपतो, पण पैसा दिसत नाही, ही बहुतेकांची तक्रार. त्यातल्या चार शंकांची उत्तरे देत आहे. शुल्काचे दर कंपनीगणिक आणि वरचेवर बदलतात. म्हणून आकडे पाठ करू नका, हिशेबाची रीत शिकून घ्या.

आमच्या गटाचे काळ्या मसाल्याचे अर्धा किलोचे पाकीट २५० रुपयांना जाते. खात्यात ८५ रुपये येतात. कमिशन तर फक्त ८ टक्के आहे. बाकीचे पैसे जातात कुठे?
— बचत गटाच्या सचिव, सेलू

ताई, तुम्ही पाठवलेला तक्ता ओळीने वाचू. कमिशन २०, दर ऑर्डरमागची क्लोजिंग फी २०, शिपिंग १००. बेरीज १४०. या सेवांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५. गेले १६५, राहिले ८५. यातूनच मिरची, धने, खोबरे, दळण आणि पॅकिंग भागवायचे आहे.

खरा फटका शिपिंगचा आहे. वजन अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी मोजले जाते. मसाला ५०० ग्रॅम, वर पाऊच आणि खोका. पार्सल ५८० ग्रॅम भरले की भाडे थेट एक किलोचे लागते. ते भाडे भरताच आहात, तर किलो भरूनच पाठवा. ४५० ग्रॅमची दोन पाकिटे एका खोक्यात बसवा आणि खोक्यासह वजन किलोच्या आत ठेवा. त्याच भावाने किंमत ४५० रुपये. कमिशन ३६, क्लोजिंग फी २०, शिपिंग तेच १००, जीएसटी २८, हाती २६६. आज किलोमागे १७० रुपये सुटतात, ते २९५ होतील. काही ठिकाणी क्लोजिंग फी किमतीच्या टप्प्यानुसार बदलते, तेवढी आधी पाहा.

गटाची जीएसटी नोंदणी असेल तर शुल्कावरच्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते. मसाल्यावरचा ५ टक्के कर भरताना ते वळते करून घ्या. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन विक्रीसाठी नोंदणीची सक्ती नाही. पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घेतला की पुरते. मात्र मग महाराष्ट्राबाहेरची ऑर्डर घेता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही.

कुरडया अर्धा किलो, पण शिपिंग तीन किलोचे कापले. तक्रार करावी का?
— एक भगिनी, जिंतूर

तक्रारीआधी खोक्याला टेप लावा. कुरिअर गाडीतली जागाही मोजते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे. बहुतेक ठिकाणी हाच भाजक असतो. येणारे वजन आणि काट्यावरचे वजन, यांतले जे जास्त त्याचे भाडे. तुमचा खोका ३० × २५ × २०, म्हणजे १५,०००. भागिले ५००० बरोबर तीन किलो. कपात बरोबरच आहे.

येत्या उन्हाळ्यात कुरडई लहान घाला, सगळ्या एका मापाच्या. वाळल्यावर त्या एकमेकींवर नीट बसतात आणि चुराही कमी होतो. २५ × २० × १२ च्या खोक्यात माल मावला तर वजन १.२ किलो धरले जाईल आणि दीड किलोचे भाडे लागेल. खोक्याचा मापासह फोटो मात्र जपून ठेवा. माप चुकीचे लावले गेले तर दाद मागायला तोच पुरावा.

‘परभणी मोती’ ज्वारीचा रवा विकतो. माल कंपनीच्या भिवंडीच्या गोदामात ठेवावा की घरून पाठवावा?
— तरुण उद्योजक, गंगाखेड

पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक जास्त असेल, तर भिवंडीहून पार्सल लवकर पोचते आणि जवळच्या अंतराचा दर लागतो. पण तिथे जागेचे भाडे घनफुटावर दर महिन्याला चढते, माल काढून बांधण्याचे शुल्क वेगळे, न खपलेला माल परत मागवला तर त्याचेही पैसे. शिवाय गंगाखेड ते भिवंडी ट्रान्सपोर्ट तुमच्या खिशातून. भिवंडी महाराष्ट्रातच असल्याने दुसरी जीएसटी नोंदणी लागत नाही. आहे त्या नोंदणीत गोदाम ‘व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण’ म्हणून दाखवावे लागते.

रवा फार टिकत नाही. म्हणून आधी काही महिने घरूनच पाठवा आणि आठवड्याचा खप लिहून ठेवा. खप स्थिर झाला की महिनाभर पुरेल एवढाच माल गोदामात ठेवा. मुदत संपत आलेला रवा तिथे पडून राहिला, तर वर्षाचा नफा त्यातच जाईल.

कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सले परत येतात. किंमत कशी ठरवावी?
— गृहउद्योजक, पूर्णा

परत आलेला खाद्यपदार्थ पुन्हा विकू नका. तेव्हा तो तोटाच धरा. समजा दहांपैकी दोन पार्सले परत आली आणि माल, पॅकिंग व परतीचे भाडे मिळून प्रत्येकी १२० रुपये बुडाले. हे २४० रुपये उरलेल्या आठांवर वाटा : ऑर्डरमागे ३०.

आता माल, मजुरी, पॅकिंग, शिपिंग, क्लोजिंग फी, या दोन्हींवरचा जीएसटी, परतीचे ३० आणि आपला नफा, सगळे बेरजेला घ्या. समजा ३१७ झाले. कमिशन ८ टक्के असेल तर जीएसटीसह ते ९.४४ टक्के होते, आणि ते विक्री किमतीवर लागते. म्हणून ३१७ ला ०.९०५६ ने भागा. किंमत आली ३५०. बरेचजण ३१७ वरच टक्के चढवून ३४७ लावतात आणि दर पार्सलमागे तीन रुपये गमावतात.

या बेरजेत मजुरीची ओळ सगळ्यात आधी लिहा. पत्रांसोबत आलेल्या बहुतेक हिशेबांत ती ओळच नाही. उन्हात कुरडया वाळवणाऱ्या बाईचा दिवस फुकट धरला, तर कुठलाही धंदा कागदावर नफ्यात दिसेल. मजुरी धरून आलेल्या किमतीला ऑनलाइन गिऱ्हाईक मिळत नसेल, तर तो माल आठवडी बाजारात किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात विका. ऑनलाइनसाठी शिपिंग सोसेल असाच माल निवडा.