लोणारचं गुलाबी पाणी आणि दोन मॉडेल्स

आमच्या किन्हीराजाहून लोणार फार लांब नाही. जून २०२० मध्ये तिथलं सरोवर चक्क गुलाबी झालं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात हॅलोआर्किया सापडले, म्हणजे मिठात फोफावणारे रंगीत सूक्ष्मजीव.

हे कॉम्प्युटरवर मांडायचं तर पहिलं मॉडेल पाण्याचं : पाऊस, झरे, बाष्पीभवन. सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही, त्यामुळे पाणी निम्मं झालं की क्षारता साधारण दुप्पट. दुसरं मॉडेल जीवांचं : त्या क्षारतेत कोण वाढेल, कोण मरेल. पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला एकदा देऊन भागत नाही. रंगीत पाणी ऊन जास्त शोषतं, तापतं, बाष्पीभवन वाढतं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आकड्यांची देवाणघेवाण हवी. (इथेच प्रोग्राम लटकतो.)

पुढे पावसाने क्षारता उतरली आणि रंगही गेला. जोडलेल्या मॉडेलने तेही दाखवलं नाही, तर जोडणीच चुकली समजा.