डॉ. जॉन विल्सन आणि त्यांची मंडळी

मुंबईतील गिरगाव चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली विल्सन कॉलेजची दगडी इमारत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ही इमारत १८८९ सालची आहे. परंतु जिच्यापासून हे विद्यालय वाढले, ती शाळा १८३२ साली निघाली. ती काढणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते.

या पंथाचे नाव उच्चारावयास अवघड असले, तरी त्याचा अर्थ सोपा आहे. ‘प्रेसबिटर’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडील, म्हणजे वयाने व अनुभवाने मोठा मनुष्य. या पंथात बिशप नसतो. मंडळीतील लोक आपल्यामधून वडील निवडतात, आणि ते वडील धर्मोपदेशकाच्या बरोबरीने बसून मंडळीचा कारभार पाहतात. आपल्या गावच्या पंचांची आठवण व्हावी, अशीच ही रीत आहे. आता, कारभार सर्वांनी पाहावयाचा आणि धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावयाचा, तर अक्षरओळख सर्वांनाच हवी. म्हणून १५६० साली जॉन नॉक्स व त्यांचे सहकारी यांनी स्कॉटलंडच्या नव्या धर्मव्यवस्थेचा आराखडा केला, तेव्हा प्रत्येक प्रार्थनामंदिराबरोबर शाळाही असावी, असे त्यांनी लिहून ठेवले. गरिबांच्या मुलांनाही शिकता यावे, अशी त्यात योजना होती. ती पुरी होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला, ही गोष्ट वेगळी.

अशा देशात १८०४ साली एका शेतकऱ्याच्या घरी विल्सन यांचा जन्म झाला. १८२९ साली ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले आणि लगेच मराठी शिकण्यासाठी कोकणात बाणकोट व हर्णे येथे जाऊन राहिले. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या. मुलींनी पाटी हाती धरणे हेच त्या काळी अनेकांस नवल वाटे. दुर्दैवाने १८३५ सालीच त्या वारल्या.

आपला धर्म इतरांनी स्वीकारावा, हा विल्सन यांचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. १८३१ साली मोरभट दांडेकर या शास्त्रीबुवांशी त्यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापून आपली बाजू मांडली आणि विल्सन यांनी त्यास पुस्तकानेच उत्तर दिले. दोघांचीही लेखणी तिखट होती. विल्सन यांनी हिंदू ग्रंथांविषयी जे लिहिले, त्यातील पुष्कळसे आज वाचताना कठोर वाटते, आणि त्या वेळच्या लोकांनाही ते लागलेच असेल. पण प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळातून वाचल्यावाचून वाद करणे त्यांना पसंत नव्हते. म्हणून ते संस्कृत शिकले, फारसी शिकले आणि पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचाही त्यांनी अभ्यास केला.

१८३९ साली या शाळेवर मोठे संकट ओढवले. धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पारशी समाजात हलकल्लोळ झाला व प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. हे तरुण आपल्या मनाप्रमाणे वागण्यास मोकळे आहेत, असा निर्णय न्यायालयाने दिला. परंतु आपल्याही मुलाचे असेच झाले तर, या भीतीने पालकांनी मुलांना काढून घेतले आणि वर्ग ओस पडले. त्या आईबापांची बाजू ध्यानी घ्या. मुलगा शिकावा अशी त्यांची इच्छा होती. तो घरापासून तुटावा अशी नव्हती. आणि त्या दोन तरुणांनाही घरदार सोडताना काय वाटले असेल! विल्सन यांनी त्यांना अंतर दिले नाही, की शाळेचे दारही लावले नाही. हळूहळू हिंदू, पारशी, मुसलमान व यहुदी मुले पुन्हा येऊ लागली.

१८४३ साली खुद्द स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली. धर्मोपदेशक जमीनदाराने नेमावा की मंडळीने निवडावा, हा वाद होता. मंडळीचा हक्क मानणारे सुमारे साडेचारशे धर्मोपदेशक आपली घरे व वेतन सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. विल्सन त्यांना मिळाले. त्यामुळे मुंबईतील शाळेची नवी इमारत हातची गेली व पुन्हा आरंभापासून उभारणी करावी लागली.

वाद घालणारा हा मनुष्य १८६२ साली एका हिंदू सुधारकाच्या बाजूने न्यायालयात उभा राहिला. करसनदास मुळजी यांनी काही धर्मगुरूंच्या दुराचारावर लेख लिहिला, म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला होता. त्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांची साक्ष झाली व विल्सन यांचीही झाली. करसनदास त्यातून सुटले.

सर्वांत कुतूहलाची हकीकत मात्र कोकणातील बेने इस्राएल लोकांची आहे. हे यहुदी लोक शतकानुशतके कोकण किनाऱ्यावर राहत आले. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी. पूर्वजांच्या हिब्रू भाषेतील ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखाने जपली होती, परंतु हिब्रू ग्रंथ वाचून समजणारे त्यांच्यात फारच थोडे उरले होते. विल्सन यांना हिब्रू येत होते. १८३२ साली त्यांनी या लोकांसाठी हिब्रू व्याकरणाचे पुस्तक मराठीतून लिहिले. ते शिकून हे लोक येशूकडे वळतील, अशी त्यांना आशा असावी. मुले शाळेत आली, शिकली, त्यांतील काही शिक्षकही झाली; पण फार थोडे ख्रिस्ती झाले. हिब्रू वाचता येऊ लागताच बहुतेकांना आपलाच जुना धर्म अधिक नीट कळू लागला.

हे दिसत असूनही विल्सन यांनी शिकविणे थांबविले नाही. पुढे १८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८७५ साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. बेने इस्राएलांपैकी जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी पुढे हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि हिब्रू न येणाऱ्या घरांतूनही त्या प्रार्थनांचा अर्थ आपल्या भाषेत वाचला जाऊ लागला.