वीज गेली तरी फाइल शाबूत राहावी म्हणून

प्रोग्रामने 'राइट' केलं आणि कर्नलने होकार दिला, म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं नाही. तो रॅममधल्या पेज कॅशमध्ये थांबलेला असतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार फ्लशर थ्रेड दर 5 सेकंदांनी जागे होतात आणि 30 सेकंदांहून जुनी 'डर्टी' पानं डिस्ककडे पाठवतात. मधल्या वेळात वीज गेली तर तेवढं काम गेलं. दुकानाचा हिशेब किंवा रुग्णाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला हा धोका पत्करण्याचा अधिकार नाही. म्हणून फाइल जतन करताना पुढचा क्रम पाळा.

जुन्या फाइलला हात लावू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने नवी फाइल उघडा. टेंप फोल्डर टाळा. तो वेगळ्या फाइल सिस्टिमवर असला तर पुढचं 'रिनेम' चालणारच नाही.

सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये लिहा. राइटने परत दिलेला आकडा मागितलेल्या बाइट्सपेक्षा कमी असेल, तर उरलेला भाग पुन्हा लिहा. सी भाषेतल्या लायब्ररीचा स्वतःचा बफरही असतो, तो आधी 'एफफ्लश'ने रिकामा करा.

आता त्या फाइलवर 'एफसिंक' बोलवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. याच पायरीवर सगळा भरवसा आहे. कर्नल पानं ड्राइव्हकडे पाठवतो, शिवाय ड्राइव्हच्या आतली कॅश रिकामी करण्याचा हुकूमही देतो. एफसिंकने चूक कळवली तर तोच कॉल पुन्हा करून पाहू नका. लिनक्स बहुतेकदा न लिहिली गेलेली पानंही 'स्वच्छ' ठरवून मोकळा होतो, त्यामुळे दुसरा कॉल यशस्वी दिसतो आणि डेटा मात्र कुठेच नसतो. 2018 मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांना हे उमगलं. त्यानंतर त्यांनी एफसिंक फसताच डेटाबेस थांबवून लॉगवरून पुन्हा उभा करायचं धोरण घेतलं. तुमच्या प्रोग्राममध्ये तात्पुरती फाइल टाकून द्या, वापरणाऱ्याला स्पष्ट कळवा आणि मूळ मजकुरापासून नव्याने लिहा.

एफसिंक यशस्वी झालं की फाइल बंद करा. 'क्लोज'चं उत्तरही तपासा, पण एफसिंकचं काम क्लोज करत नाही. मग तात्पुरत्या फाइलला रिनेमने मूळ नाव द्या. चालू मशीनवर वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल दिसते नाही तर पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही.

शेवटी फोल्डर उघडून त्यावरही एफसिंक करा. नावाची नोंद फोल्डरमध्ये असते, आणि ही पायरी गाळणारे फार आढळतात.

मॅकवर साधं एफसिंक ड्राइव्हची कॅश रिकामी करण्याची हमी देत नाही. तिथे 'एफ-फुलएफसिंक' वापरावं लागतं. विंडोजवर या कामाला 'फ्लशफाइलबफर्स' आहे. पेन ड्राइव्हवर फाइल हातानेच कॉपी केली असेल तर एवढा खटाटोप नको, इजेक्ट किंवा 'अनमाउंट' पूर्ण होऊ द्या आणि मगच काढा.

प्रोग्राम 'किल' करून या क्रमाची परीक्षा होत नाही, कारण प्रोग्राम मेला तरी पेज कॅश जिवंत राहते. व्हर्च्युअल मशीनवर भरपूर लेखन सुरू ठेवा आणि ते मशीनच एकदम बंद करा. ड्राइव्ह खरं बोलतो की नाही, हे मात्र खऱ्या मशीनचा प्लग काढूनच कळतं. त्यासाठी ज्यावर काहीच महत्त्वाचं नाही असं जुनं मशीन घ्या.