डोंगरातली लांब शर्यत आणि थंडीचा घाला

गेल्या पंधरवड्यात एक तरुण दवाखान्यात आला. प्रकृती ठणठणीत, तक्रार कसलीच नाही. "डॉक्टर, डोंगरातल्या ५० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलंय, तब्येतीचं सर्टिफिकेट पाहिजे," म्हणाला. नाडी, रक्तदाब, छाती सगळे तपासले. काही खोट नव्हती. मग विचारले, "पाठीवरच्या पिशवीत काय काय नेणार?" पाण्याच्या दोन बाटल्या, खजूर, चिक्की आणि मोबाईल, असे उत्तर आले. "आणि अंगावर घालायला?" तो हसला. म्हणाला, "धावताना घामाच्या धारा लागतात हो. थंडी कुठली वाजतेय?"

त्याच्या या उत्तरामुळेच आजचा लेख लिहावा लागत आहे.

मॅरेथॉन शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. तिच्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. अशा अनेक शर्यती डोंगरातल्या पायवाटांवर होतात. आपल्याकडेही सिंहगड, राजगड आणि तोरणा या गडांच्या वाटांवर अशी शर्यत भरते आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतून तरुण मुले-मुली तिथे जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. पाय, गुडघे, पाणी, आहार यांची काळजी ही मंडळी घेतात. ऊन बाधते हेही त्यांना ठाऊक असते. मात्र धावणारा माणूस थंडीने मरू शकतो, हे सांगितले तर बहुतेकांना खरे वाटत नाही.

२२ मे २०२१ चा दिवस

चीनच्या गान्सू प्रांतात पीत नदीच्या काठी दगडी सुळक्यांचा एक डोंगराळ मुलूख आहे. तिथे २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरची शर्यत झाली. १७२ जण सकाळी निघाले. बहुतेकांच्या अंगात अर्धी चड्डी आणि पातळ बनियन. वारा अडवणारे जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकीच्या मध्ये सुमारे १००० मीटरचा खडा चढ होता आणि तिथे वाहन जाऊ शकत नव्हते. नेमके त्याच टप्प्यात वादळ आले. गारा, बर्फासारखा पाऊस आणि उभे राहू न देणारा वारा. त्या दिवशी २१ धावपटू दगावले. देशातला नामांकित धावपटू लियांग जिंग त्यांच्यातच होता. त्याचे वय होते अवघे ३१. म्हणजे हे काही नवशिक्यांचे मरण नव्हते.

त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ मेंढ्या चारत होता. वादळ पाहून तो आपल्या नेहमीच्या गुहेत शिरला. तिथे त्याने अडीअडचणीसाठी कपडे, रजया आणि खाण्याचे जिन्नस ठेवले होते. बाहेर धडपडणारे धावपटू त्याने आत घेतले, जाळ केला, रजया पांघरायला दिल्या. सहा जीव वाचले. वाचवले कशाने, तर आडोसा, जाळ आणि कोरडे पांघरूण या तीन गोष्टींनी. दवाखान्यातले एकही औषध त्यात नव्हते.

शरीराची शेगडी

वाचकहो, आपल्या शरीराच्या आतले तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ च्या खाली उतरले की त्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया म्हणतात. आपण त्याला 'शरीर गारठणे' म्हणू. त्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. हवेचे तापमान ८-१० अंश असले, कपडे भिजलेले असले आणि वारा सुटला, की एवढे पुरेसे होते.

धावणाऱ्याचे स्नायू म्हणजे पेटती शेगडी. स्नायूंनी जाळलेल्या इंधनापैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. म्हणून पळताना घाम फुटतो. पण चढ खडा लागला, पाय दमले, मुरगळले किंवा वाट चुकली की वेग मंदावतो आणि शेगडी विझू लागते. दुसरीकडे इंधनही संपत आलेले असते. यकृत आणि स्नायूंत मिळून साखरेचा साठा जेमतेम चारशे ते पाचशे ग्रॅम असतो आणि दोन-तीन तासांच्या जोरकस धावण्यात तो बराचसा संपतो. हुडहुडी भरणे ही शरीराने स्वतःला ऊब देण्याची युक्ती आहे, पण त्यालाही हेच इंधन लागते. उपाशी आणि थकलेल्या माणसाला धड हुडहुडीसुद्धा भरत नाही.

यात भर पडते ओल्या कपड्यांची. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. सुती बनियन एकदा भिजला की अंगाला चिकटतो आणि ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आपला धनगर भर पावसात डोक्यावरून घोंगडी घेतो, ती उगाच नव्हे. शिवाय दर १००० मीटर उंचीला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पायथ्याच्या हवेवरून माथ्याचा अंदाज करणारा इथे फसतो.

ओळखावे कसे?

सुरुवातीला जोराची हुडहुडी भरते, बोटे बधिर होतात, चेन लावता येत नाही, खाऊचे वेष्टन फाडता येत नाही. मग बोबडी वळते, शब्द जड येतात. माणूस अडखळतो, चिडचिड करतो किंवा गप्प होतो. साध्या प्रश्नाचे उत्तर चुकते. पुढची पायरी धोक्याची. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की हुडहुडी थांबू लागते. सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले. प्रत्यक्षात शरीराने हात टेकलेले असतात. काही जण तर या अवस्थेत भ्रम होऊन अंगावरचे कपडेच काढून टाकतात.

घरातल्या तापमापकावर इथे विसंबू नये. पाऱ्याच्या साध्या तापमापकाचे आकडे ३५ अंशांपासून, म्हणजे फॅरनहाइटच्या ९५ पासून सुरू होतात. त्याखालचे त्याला दिसतच नाही. म्हणून माणसाच्या बोलण्याकडे आणि चालण्याकडे लक्ष ठेवावे. त्याला स्वतःला आपली अवस्था कळत नाही, ती सोबत्याने ओळखायची असते.

काय करावे?

१. प्रथम थांबा आणि वाऱ्याचा आडोसा शोधा. खडक, गुहा, देऊळ, गोठा, काहीही चालेल.

२. ओले कपडे काढून कोरडे घाला. डोके आणि मान झाका. अंगाखाली पिशवी, वाळके गवत किंवा पानांचा थर घाला. गार जमीन खालून ऊब खेचते.

३. वरून प्लास्टिक किंवा चंदेरी पत्र्यासारखे दिसणारे आणीबाणीचे पांघरूण गुंडाळा. कोरडा सोबती असल्यास त्याने जवळ बसून ऊब द्यावी.

४. माणूस शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर गरम, गोड चहा, गुळाचे पाणी, खजूर द्यावेत. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही घालू नये.

५. शुद्ध हरपत असेल तर आडवेच ठेवा, हळुवार उचला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. फार गारठलेले हृदय नाजूक असते. हिसडा बसला तरी त्याची लय बिघडू शकते.

काय करू नये?

दारू मुळीच देऊ नये. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. हातपाय खसाखसा चोळू नयेत. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी थेट ठेवू नये, भाजल्याचे कळत नाही. फडक्यात गुंडाळून काखेत व छातीशी ठेवावी. आणि अंग गार लागते, नाडी सापडत नाही, म्हणून माणूस गेला असे परस्पर ठरवू नये. श्वास चालतो का हे मिनिटभर नीट पाहावे. चालत नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करून मदत येईपर्यंत चालू ठेवावे. अशी माणसे ऊब मिळाल्यावर परत आलेली आहेत.

पिशवीत काय हवे?

युरोपात माँ ब्लाँ या पर्वताभोवती सुमारे १७० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत होते. तिथे टोपी असलेले जलरोधक जाकीट, आणीबाणीचे पांघरूण, शिट्टी आणि बॅटरी जवळ नसेल तर धावू देत नाहीत. २०१० साली हवा बिघडली तेव्हा तिथल्या आयोजकांनी सुरू झालेली शर्यत थांबवली. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे डोंगरात धावणाऱ्याने आणि पावसाळ्यात गडावर जाणाऱ्यानेही एवढे तरी जवळ ठेवावे: वारा-पाऊस अडवणारे हलके जाकीट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा सदरा, कानटोपी, आणीबाणीचे पांघरूण, शिट्टी आणि पोटासाठी गोड खाऊ. सगळे मिळून वजन किलोभरही होत नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडे खात राहावे. जाकीट थंडी वाजण्यापूर्वी घालावे, कारण वाजल्यावर बोटे चालत नाहीत. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहावा. आणि हवा फिरली तर माघारी फिरावे.

त्या तरुणाला मी सर्टिफिकेट दिले, पण लगेच नाही. "पिशवी भरून आण, मग सही करतो," म्हटले. दोन दिवसांनी तो आला. जाकीट होते, शिट्टी होती. कोरड्या सदऱ्याऐवजी आजोबांची जुनी लोकरी बंडी घडी करून पिशवीत बांधली होती. आजोबांनीच दिली म्हणाला, आणि वर बजावलेही, की शर्यत दरवर्षी असते.

आजोबांच्या त्या बोलण्यात माझा निम्मा लेख येतो. गड कुठे जात नाही. आपण धडधाकट घरी परतलो, तर तो पुढच्या वर्षीही आपल्यासाठी तिथेच उभा असतो.